चित्र काढता येत नाही, इंग्रजी कच्चं आहे, तरी कला इतिहासात एम.ए. करू का?

प्रश्न असा आलाय की, बी.ए. फायनलला आहे, विषय इतिहास, मराठी माध्यम, नागपूरलाच राहते, कला इतिहासात एम.ए. करायची खूप इच्छा आहे पण चित्र काढता येत नाही, इंग्रजी वाचताना अडखळायला होतं, आणि घरचे म्हणून राहिले की बी.एड. कर, ह्यात नोकरी कुठं आहे. मी ह्याच विषयात शिकले, मग आर्ट कॉलेजात शिकवलं, म्युझियममधे कॅटलॉगिंग केलं आणि ते अजूनही करून राहिले, त्यामुळे जरा लांबलचक होईल पण नीट वाच.

चित्राचं टेन्शन आधी सोड. कला इतिहासाच्या एम.ए.ला तुला कोणी ब्रश धरायला लावत नाही, तो बीएफए-एमएफएवाल्यांचा रस्ता वेगळा. वर्गात दोन्हीकडची पोरं येतात. आर्ट कॉलेजवाल्यांना टेम्परा (अंड्यासारख्या चिकट पदार्थात कालवलेला रंग) कोणता, तैलरंग कोणता, एचिंग आणि लिथो ह्या छापचित्रांच्या दोन पद्धतींत फरक काय हे बघताक्षणी कळतं, ते तुला शिकावं लागेल. पण राजवंश, कालक्रम, ताम्रपट, दानलेख हे तुला आधीच माहीत असतं आणि तिथं ती पोरं चाचपडतात. म्हणजे हिशोब बरोबरीचा आहे. ओबडधोबड स्केच मात्र करत जा, सुंदर नाही आलं तरी चालतं, कारण मूर्तीचा गुडघा कुठल्या बाजूला वळलाय हे पेन्सिलीनं काढायला गेलं की डोळा आपोआप तिथं थांबतो, मोबाईलनं फोटो काढला की थांबत नाही.

खरी परीक्षा वेगळीच आहे आणि ती तू ह्याच रविवारी देऊ शकते. रामटेकला जा. गडावर राममंदिराच्या वाटेवर केवल नरसिंहाचं देऊळ लागतं, बहुतेक लोक हात जोडून पुढे निघून जातात, तू आत जा आणि मूर्तीसमोर अर्धा-पाऊण तास बस. वही काढ आणि फक्त दिसतंय तेवढं लिही. अर्थ नको, पुराणकथा नको, "भव्य", "मनोहर" असले शब्द तर अजिबातच नको. काय दिसतं? सिंहाचं मोठं थोरलं डोकं, जड खांदे, बसलेला देह, हात दोनच, उजव्या हातात चक्र. आता सगळ्यात महत्त्वाचं, काय दिसत नाही? आपण लहानपणापासून कॅलेंडरवर पाहिलेला नरसिंह म्हणजे मांडीवर आडवा हिरण्यकशिपू आणि पोटात घुसलेली नखं, इथं तो राक्षसच नाही. खांब फोडून बाहेर येणं नाही, रक्त नाही, आतडी नाहीत. देव एकटा, शांत बसलाय. हे तुला स्वतःला दिसलं आणि "असं काहून?" हा प्रश्न डोक्यात घुसून घरी परत येईपर्यंत पिच्छा सोडेना, तर हा विषय तुझा आहे, मग बाकीच्या अडचणींचं बघून घेऊ.

आणि पुढे काय करायचं, ते सांगते, कारण नुसतं बघून विषय होत नाही. आता पुरावा शोधायचा. त्या देवळात एक शिलालेख आहे, बराच झिजलेला, अभ्यासकांनी त्यात प्रभावतीस्वामी हे देवाचं नाव वाचलंय, म्हणजे वाकाटकांच्या, विदर्भावर राज्य केलेल्या प्राचीन घराण्याच्या, राणी प्रभावतीगुप्ताशी, तिच्या पुण्यासाठी केलेल्या कामाशी ह्या जागेचा संबंध लागतो. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान, कारभार तिनं स्वतः चालवला, तिचे ताम्रपट आहेत आणि शेजारच्या नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रासुद्धा मिळाली. आता परत मूर्तीकडे ये. मांडीवर शत्रू नसलेला, हातात चक्र घेऊन स्वस्थ बसलेला नरसिंह आणि पोरं मोठी होईपर्यंत राज्य सांभाळणारी राणी, ह्यांचा काही संबंध असेल का? असेलही, नसेलही. पण तो प्रश्न तू मूर्तीवरून विचारला, लेखानं तपासला, आणि आता शेजारच्या मूर्तींशी ताडून बघायला निघाली, हेच कला इतिहासवाले आयुष्यभर करतात. ताडून बघायला मनसर जवळच आहे. तिथली लाल वालुकाश्मातली शिवमूर्ती १९७२ मधे सापडली, आता ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, फोटो सहज मिळतो. दगड, केसांची वळणं, शरीराचा गुबगुबीतपणा, दागिने, एकेक गोष्ट समोरासमोर ठेवून लिहायची.

मला ह्या भागाचं फार वाटतं म्हणून सांगते, आपल्याकडची पोरं अर्ज भरताना मायकेलअँजेलो लिहितात आणि घरापासून तासाभरावर पाचव्या शतकातलं शिल्प आहे ते त्यांनी बघितलेलं नसतं. विदर्भात काय कमी आहे सांग. पवनीचे स्तूप, मांढळच्या शैव मूर्ती, भद्रावतीची विजासन लेणी, वैनगंगेकाठचं मार्कंडा, लोणारचं दैत्यसूदन. अजिंठासुद्धा आपल्याच वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेचं, वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम, तिथल्या हरिषेण राजाच्या काळातलं काम, सोळा नंबरच्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव ह्याचा लेखच आहे. विदर्भ एक्स्प्रेसनं जळगावला उतर, तिथून साठेक किलोमीटर, फक्त सोमवारी जाऊ नको, लेणी बंद असतात.

अजिंठ्यावरून एक गोष्ट आठवली, ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. वॉल्टर स्पिंक नावाचे अमेरिकन अभ्यासक होते, त्यांनी कित्येक दशकं अजिंठ्यावर घातली आणि म्हणाले की नंतरच्या टप्प्यातली सगळी लेणी वीसेक वर्षांच्या आतच, साधारण ४६० ते ४८० च्या दरम्यान, खोदली गेली. आधी लोक हाच काळ शे-दोनशे वर्षांवर पसरवून सांगायचे. त्यांचा आधार काय होता माहिताय? नुसतं चित्रांचं सौंदर्य नाही, दाराचा खुंट फिरायला दगडात भोकं कशी कोरलीत, ती पद्धत लेण्यालेण्यात कशी बदलत गेली, कुठं काम अर्धवट टाकलं, कुठं नंतर घाईनं मूर्ती घुसवली, असल्या बारक्या गोष्टी. सगळ्यांना त्यांचं म्हणणं पटलेलं नाही, अजून वाद आहे, आणि एम.ए.च्या वर्गात तुला दोन्ही बाजू वाचून स्वतःचं मत मांडावं लागेल. म्हणून पाठांतरवाल्या पोरांना हा विषय जड जातो. सन, राजा, शैली पाठ करून पेपर लिहिला तर पास होशील, बस.

दोन वर्षांत शिकवतात काय, तर साधारण सगळीकडे भारतीय शिल्प-स्थापत्य-चित्रकला, पाश्चात्त्य कला, आधुनिक आणि समकालीन कला, सौंदर्यशास्त्र, आणि एक मेथडॉलॉजीचा, म्हणजे अभ्यासाच्या पद्धतींचा, पेपर असतो. मेथडॉलॉजीला पोरं घाबरतात. वोल्फलिन आणि पॅनॉफ्स्की हे युरोपातले कला इतिहासकार, वोल्फलिननं १९१५ मधे शैली ओळखायच्या परस्परविरोधी गुणांच्या जोड्या मांडल्या, पॅनॉफ्स्कीनं चित्र तीन पातळ्यांवर वाचायची रीत दिली, पुढे ह्या रीती भारतीय मूर्तीला लागतात का ह्यावर भांडणं झाली, हे सगळं नीट समजून घे, कारण शेवटच्या सेमिस्टरच्या डिझर्टेशनमधे, म्हणजे प्रबंधात, गाडी इथंच अडकते. आधुनिक कलेकडे पण पाठ फिरवू नको. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली आपल्या नागपुरात जन्मले, शिकले मुंबईच्या जे.जे.ला, त्यांच्या कामाचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममधे २०१४ मधे लागलं आणि २०१५ मधे मुंबईत त्यांचं एक चित्र २९ कोटींच्या वर गेलं. इथल्या किती पोरांना हे नाव माहिताय, मला दर वर्षी विचारावंसं वाटतं आणि वाईट वाटतं.

आता कुठं करायचं. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, तिथली फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासूनची आहे, आर्ट हिस्ट्रीचा स्वतंत्र विभाग, आणि फायदा असा की शेजारीच चित्रकार-शिल्पकार काम करत असतात, त्यांच्या स्टुडिओत उभं राहून माध्यम शिकता येतं. तुझ्यासारख्या इतिहासाकडून येणाऱ्या मुलीला मी आधी बडोदा सांगेन. जेएनयूचं स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्स जास्त थिअरीकडं झुकतं, सिनेमा-नाटकपण त्यात आहे, वाचन प्रचंड. नोएडाचं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज, म्हणजे पूर्वीचं नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट, तिथं कला इतिहासाबरोबर म्युझियॉलॉजी (संग्रहालयशास्त्र) आणि कॉन्झर्वेशन (जुन्या वस्तूंचं जतन-दुरुस्ती) पण आहे, म्युझियममधेच जायचं पक्कं असेल तर ते. शांतिनिकेतनचं कला भवन आहे, बनारसचं बीएचयू आहे, चंदीगडला पंजाब विद्यापीठ आहे. काही ठिकाणी सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, काही ठिकाणी स्वतःची परीक्षा आणि मुलाखत, नियम बदलत राहतात म्हणून त्या त्या साइटवरच बघ, कोणा काकांच्या पोरानं मागे असं केलं होतं ह्यावर विसंबू नको.

नागपूर सोडताच येत नसेल तर? तरी रस्ता बंद नाही. आपल्या विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व हा विभाग आहे, मांढळसारखी उत्खननं ह्याच विभागानं केली, अजय मित्र शास्त्रींसारखे विद्वान तिथं होते. तिथं मूर्तिशास्त्र, स्थापत्य, लिपी, नाणी शिकायला मिळतात आणि प्राचीन कलेचा पाया चांगला पक्का होतो, आधुनिक कला मात्र स्वतः वाचावी लागेल. पुण्याचं डेक्कन कॉलेजपण ह्याच वळणाचं. आणि एक प्रॅक्टिकल गोष्ट, जी कोणी सांगत नाही. पुरातत्त्व खात्याच्या किंवा सरकारी म्युझियमच्या जागेची जाहिरात निघते तेव्हा पात्रतेत कोणत्या डिग्र्या लिहिल्यात ते शब्द न शब्द बघतात, काही जागांना प्राचीन इतिहास किंवा पुरातत्त्व चालतं आणि आर्ट हिस्ट्रीवाल्याला धावपळ करावी लागते, काहींना उलटं, काहींना म्युझियॉलॉजीचा डिप्लोमा लागतोच. तेव्हा अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी मागच्या काही वर्षांच्या जुन्या जाहिराती शोधून वाच, नंतर नाही.

इंग्रजीचं खोटं सांगणार नाही, वाचन जवळजवळ सगळं इंग्रजीतच आहे. पण ही भाषा ठराविक आहे, त्याच त्याच शब्दांनी चालते, सहा महिन्यांत डोळ्याला सवय होते. रोज एकच पान घे, पेन्सिलीनं समासात प्रत्येक परिच्छेदाचं म्हणणं मराठीत एका ओळीत लिही, शब्द अडला तर लगेच डिक्शनरी उघडू नको, परिच्छेद पूर्ण कर मग बघ. मराठीतपण बरंच आहे, ते आधी वाचून ठेव म्हणजे इंग्रजी वाचताना विषय ओळखीचा लागतो. वा. वि. मिराशींचं वाकाटकांवरचं काम मराठीत आहे, ते तर नागपुरातच शिकवायचे, मूर्तिशास्त्रावर गो. बं. देगलूरकरांनी भरपूर लिहिलंय, आणि मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे. इंग्रजीपेक्षा मी म्हणेन ब्राह्मी, म्हणजे जुन्या शिलालेखांची लिपी, शिक. लिपी अवघड नाही, रोज थोडं बसलं तर जमते, आणि दगडावरचं स्वतः वाचता आलं की वर्गात तुझ्याकडं बघायची नजर बदलते. भोसलेकालीन काही करायचं मनात असेल तर मोडी.

आता नोकरी, म्हणजे घरच्यांचा मुद्दा, आणि तो मुद्दा चुकीचा नाही. बाबांशी भांडू नको. सरळ सांग की कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.ए. नंतर नेट, म्हणजे प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, लागतं, नेटमधे व्हिज्युअल आर्ट हा विषय आहे आणि त्यातच हिस्टरी ऑफ आर्ट येतं, आर्ट कॉलेज, आर्किटेक्चर कॉलेज, डिझाइन कॉलेज, सगळीकडे हा पेपर शिकवायला माणूस लागतो. पर्मनंट जागा कमी निघतात, बरेच जण आधी वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, असतात, हे लपवून काही मिळणार नाही. दुसरीकडे खासगी म्युझियम, गॅलऱ्या, ऑक्शन हाऊस आहेत, पण ते मुंबई, दिल्ली, बंगलोरला, नागपुरात जवळजवळ नाहीच. तिथं सुरुवातीचा पगार शहराच्या भाड्याच्या मानानं बेताचाच असतो. चित्र खरं की नकली, कोणाकडून कोणाकडं गेलं, ह्याची कागदपत्रं तपासणारी माणसं त्यांना लागतात, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा नऊ चित्रकारांची कामं देशाबाहेर न्यायला बंदी आहे, शंभर वर्षांवरच्या मूर्ती-चित्रांना पण, त्यामुळे कायदा आणि कला दोन्ही कळणाऱ्याला तिथं मान आहे. आणि कॉन्झर्वेशन. विज्ञान आवडत असेल, हात स्थिर असेल, तर त्यात काम मिळतं, कारण करणारी माणसंच कमी आहेत. बी.एड. नंतरही करता येतं, ते पळून नाही जात. माझं स्पष्ट मत असं की, दोन-तीन वर्षं कमी पैशात काढायची घरची परिस्थिती असेल तर कर, घरात लगेच पगार लागणार असेल तर आधी नोकरीची सोय बघ आणि विषय सुट्टीत चालू ठेव, त्यात काही कमीपणा नाही.

अ‍ॅडमिशनला अजून वेळ आहे तर तोवर सिव्हिल लाइन्सच्या आपल्या अजब बंगल्यात जात राहा. १८६३ चं म्युझियम आहे ते, देशातल्या जुन्यांपैकी, आणि आपण शाळेच्या ट्रिपला वाघ-मगर बघून परत येतो. शिल्पांच्या दालनात एक मूर्ती निवड आणि तिची कॅटलॉग एंट्री लिही, जशी आम्ही लिहितो. वस्तू काय, दगड कोणता, उंची-रुंदी अंदाजे, कुठं सापडली, अवस्था कशी, मग वर्णन, मग काळ, आणि तो काळ कशावरून. अवस्था लिहिताना "हात तुटलेला" एवढं लिहून थांबू नको. तुटलेली कड जवळून बघ. जुनी तूट असेल तर तिच्यावर मळ, धूळ, दगडाचा जुना रंग चढलेला असतो, कडा गुळगुळीत झालेल्या असतात. नवी तूट फिकी दिसते, कडा धारदार, कधी कधी कणपण चमकतात. ह्यावरून मूर्ती जमिनीत जातानाच तुटली होती की हलवताना कोणाच्या हातून पडली हे कळतं. वर्णन नेहमी मूर्तीच्या उजव्या-डाव्यानं लिहायचं, आपल्या नाही, नवीन पोरांची हमखास गडबड होते इथं. काळाच्या रकान्यात "प्राचीन" लिहिलं तर मी ते पान परतच देते, "कशावरून" ह्या रकान्यात तुझा सगळा अभ्यास दिसतो, मुकुटाच्या घडणीवरून, आयुधांवरून, प्रभावळीवरून, सोबतच्या लेखावरून, जे असेल ते. पाट्या आहेत तिथं, पण आधी तू लिही, मग पाटी वाच.

अशा पाच-सहा एंट्र्या आणि रामटेकवरचं एक पाच-सात पानी टिपण तयार असलं की स्टेटमेंट ऑफ पर्पजला, म्हणजे हा विषय का करायचा हे सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निवेदनाला, तुझ्याकडं सांगायला खरंच काही असेल. "मला लहानपणापासून कलेची आवड आहे" ह्या वाक्यानं अर्ज सुरू करू नको, निवड समितीवर बसलेला माणूस ते एका दिवसात पन्नासदा वाचतो. नरसिंहाच्या मांडीवर राक्षस का नाही, इथून सुरू कर. मुलाखतीत इंग्रजी अडखळलं तरी चालेल, हिंदीत सांगू का म्हणून विचार, बहुतेक ठिकाणी हो म्हणतात, फक्त फोटो प्रिंट करून ने आणि समोर ठेवून बोल. टिपण झालं की मला वाचायला पाठव, लाल पेन फिरवून देईन.